दस्तरखानापाशी एक छोटी खुर्ची

मी उल्हासनगरमधल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वाक्प्रचार शिकवताना 'खुर्चीला चिकटून बसणे' आलं की वर्गात हसू फुटतं. अर्थ सांगावा लागत नाही, मुलं रोज बातम्या बघतात. मग मी त्यांना सांगते, की हा शब्द मूळचा अरबी. तुमच्या घरात झोपताना आयतुल कुर्सी म्हणतात ना, त्यातलीच ही कुर्सी. फारसीचा हात धरून मराठीत आली आणि खुर्ची झाली. मुलांना गंमत वाटते. आपल्या घरातला एक शब्द शेजाऱ्याच्या घरात इतका मुरलेला आहे, याचं त्यांना बरं वाटतं.

या वर्षी मात्र खुर्ची हा माझ्या घरातल्या भांडणाचा विषय झाला. माझी लेक बदलापूरला राहते. तिचा मुलगा सहा महिन्यांचा झाला आणि वरचं अन्न सुरू झालं. एके दिवशी तिने फोनवर विचारलं, "अम्मी, याला जेवायला बसवायची ती उंच खुर्ची घेऊ का? हायचेअर?"

मी म्हणाले, "कशाला ते चोचले? तू कुठल्या खुर्चीवर बसून मोठी झालीस?"

ती गप्प झाली. माझ्या विहीणबाई, आमच्या भाषेत समधन, मुंब्र्याला असतात. त्यांचं म्हणणं माझ्याहून कडक होतं. सगळं घर खाली दस्तरखानावर बसणार आणि पोरगं वर खुर्चीवर राजासारखं बसणार, ही कुठली रीत? आम्हा दोघींचं एरवी फारसं जमत नाही. या बाबतीत मात्र लगेच एकमत झालं. दोन आज्या एका बाजूला झाल्या, की घरातल्या सुनेचं काय होतं, हे सांगायला नको.

आज मला त्या उत्तराची लाज वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

माझी लेक ज्या वर्षी सहा-सात महिन्यांची होती, त्या वर्षी मी बी.एड. करत होते. तेव्हा हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता, दोन वर्षांचा 2015 पासून झाला. सकाळी मी लोकल पकडायचे आणि पोर माझ्या अम्मीकडे असायची. अम्मी पाय लांब करून बसायची, पोरीला मांडीवर आडवी घ्यायची आणि बोंडल्याने तोंडात नाचणीची पेज ओतायची. पोरीने तोंड मिटलं, तर गाल दाबायचे. रडायला तोंड उघडलं, की तेवढ्यात एक घोट आत. पोर वाढली, धष्टपुष्ट झाली, म्हणून आम्ही त्यालाच शहाणपण समजत आलो.

पण त्या घरात तेव्हा किती माणसं होती, हे मी विसरले होते. अम्मी होती, माझी धाकटी बहीण होती, शेजारची खाला दिवसातून चार वेळा डोकवायची. पोर कोणाच्या ना कोणाच्या मांडीवरच असायची. आमची खुर्ची म्हणजे त्या मांड्या होत्या.

माझ्या लेकीच्या घरात अशी मोकळी मांडी नाही. बदलापूर पूर्वेला वन रूम किचन, भाड्याचं. जावई अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीने कामाला. सकाळची पाळी असली की पहाटे घराबाहेर, रात्रपाळी असली की दिवसा झोपलेले. लेक दुपारी घरीच चार मुलांच्या शिकवण्या घेते. शेजारचे दोन्ही फ्लॅट सकाळी आठला कुलूप लावून मुंबईच्या गाडीला पळतात. बदलापुरात, अंबरनाथमध्ये अशा हजारो घरांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक आई आणि एक बाळ एवढीच माणसं असतात. भात शिजवायचा, पाणी येईल त्या वेळात भरून ठेवायचं, दार वाजलं तर उघडायचं आणि बाळाला भरवायचं. हात दोनच.

हे मला फोनवर कळलं नाही. ते माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, अंबरनाथला, कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत लेक चार दिवस माहेरी आली होती. ती अंघोळीला गेली. नातू आठव्या महिन्यात होता, आधाराने छान बसायचा. मी त्याला आमच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, कमरेभोवती माझी ओढणी गुंडाळली आणि पाठीमागे गाठ मारली. आमच्या घरात असं सगळ्यांनीच केलं आहे. समोर वाटीत मऊ खिचडी ठेवली. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं. मी वळले, गॅस बंद केला, फडकं घेऊन ओटा पुसला. अर्धं मिनिट, फार तर. मागे वळले तेव्हा नातू खुर्चीत बसलेला नव्हता. तो पुढे घसरला होता, पाय खाली लोंबत होते, ओढणी छातीवरून सरकत काखेच्या वर आली होती आणि तिची एक कड हनुवटीखाली लागली होती. तो रडत नव्हता. त्यामुळेच मला काही ऐकू आलं नव्हतं.

मी त्याला उचललं. तो घाबरला, रडला, पाच मिनिटांत हसायलाही लागला. काही झालं नाही, अल्हम्दुलिल्लाह. लेक बाहेर आली तेव्हा मी नातवाला छातीशी धरून जमिनीवर बसले होते. मी तिला सगळं सांगितलं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मला समजलं, की मी जिला चोचला म्हणाले ती वस्तू माझ्या घरात आधीच होती. फक्त मी ती ओढणी आणि गाठ वापरून, चुकीच्या खुर्चीतून बनवली होती. ज्या आईचे हात रिकामे नाहीत, ती बाळाला कुठेतरी टेकवणारच. प्रश्न एवढाच, की ती जागा त्या कामासाठी बनवलेली असावी की नाही.

मग मी माहिती काढायला बसले. शिक्षकाची खोड आहे, प्रश्न पडला की त्याचा धडा करायचा. जे कळलं ते इथे सांगते, कारण अशा वस्तूंच्या जाहिराती पुष्कळ दिसतात, पण समोर बसून समजावणारं माणूस मिळत नाही.

पहिली गोष्ट वयाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं असतं. पण खुर्ची वयावर ठरत नाही, बसण्यावर ठरते. बाळाची मान पक्की हवी, थोड्या आधाराने त्याला ताठ बसता यायला हवं. एका बाजूला कलंडणारं बाळ खुर्चीत उशा कोंबून बसवायचं नाही. आणि मागे रेलून, अर्धवट आडवं बसवून भरवायचंही नाही. घास घशात अडकण्याची भीती तिथेच असते. माझी अम्मी पोरीला आडवी धरून पेज ओतायची, ते आज आठवलं तरी पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. दुकानात लोक पुढचा ट्रे बघतात. तो मोठा आहे का, निघतो का, त्यावर खेळणी आहेत का. ट्रे बाळाला धरून ठेवत नाही. बाळाला धरून ठेवतो तो कमरेचा पट्टा आणि दोन पायांच्या मधून वर येणारा पट्टा. दोन पायांच्या मधला पट्टा किंवा दांडा नसेल, तर बाळ खाली घसरतं आणि ट्रेखालच्या फटीत अडकतं. माझ्या ओढणीत नेमकं तेच नव्हतं. खांद्यावरून येणारे दोन पट्टे आणखी असतील तर उत्तम, कारण दहाव्या महिन्यात मूल उभं राहायला बघतं. पट्टा कितीही चांगला असला, तरी तो लावला तरच उपयोगाचा, आणि पट्टा लावला म्हणून बाळाला एकटं सोडून दुसऱ्या खोलीत जायचं नाही.

तिसरी गोष्ट पायांची, म्हणजे खुर्चीच्या पायांची. ही मला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका मिस्त्रीने शिकवली.

उल्हासनगर हे मुळात निर्वासितांनी वसवलेलं गाव. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही इथे पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी इथे कापड, फर्निचर, जीन्स, काय काय बनवून दाखवलं. उल्हासनगरात बनत नाही अशी वस्तू नाही, असं आम्ही अभिमानाने म्हणतो, आणि 'मेड इन यूएसए'चा जुना विनोदही स्वतःच सांगतो. तेव्हा मी विचार केला, की कंपनीची महाग खुर्ची कशाला, इथेच लाकडाची बनवून घेऊ.

मिस्त्रीने मोबाइलवरचं चित्र बघितलं. म्हणाला, "बनवून देईन मॅडम, लाकूडही चांगलं घालीन. पण बाळ पडलं तर तुम्ही आधी मला शोधत याल." मग त्याने शेजारचं एक उंच स्टूल घेतलं, सरळ पायांचं, आणि वरून एका बोटाने ढकललं. ते कलंडलं. दुसरं घेतलं, पाय बाहेर फाकलेलं. ते हललं, पण पडलं नाही. "बाळ बसलं की वजन सगळं वर. पाय खाली बैठकीपेक्षा बाहेर पसरलेले पाहिजेत. मी ते अंदाजाने करीन. कंपनीवाला बाळाएवढं वजन ठेवून, ढकलून बघतो. माझ्याकडे बघायला बाळ कुठून आणू?"

इतका प्रामाणिक माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. त्याने आणखी एक सांगितलं. बाळ खुर्चीची कड चावतं, म्हणून तिला साधा रंग लावायचा नाही. मी नंतर वाचलं, की घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा आपल्या देशात कायद्याने 90 पीपीएम ठरली आहे आणि हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण जुन्या फर्निचरवर कोणता रंग आहे, हे कोणाला माहीत? माळ्यावरची जुनी रंगवलेली लाकडी बाळखुर्ची पोपडे निघालेली असेल, तर ती आठवण म्हणून ठेवावी, बाळाला देऊ नये.

चौथी गोष्ट धुण्याची. बदलापुरात पावसाळा म्हणजे काय, हे बदलापूरकरांना सांगायला नको. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, तेव्हा हे गाव सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या हवेत मऊ कापडी गादीची खुर्ची घ्यायची, तिच्या शिवणीत वरण-भात शिरणार आणि ती चार दिवस वाळणार नाही. गुळगुळीत प्लास्टिक, ज्यावर ओलं फडकं फिरवलं की काम झालं, ते बरं. जितक्या खाचा, तितक्या मुंग्या.

पाचवी गोष्ट चाकं, झोका, संगीत, दिवे. यांचे पैसे वाचवा. जेवताना दिवे लागणारी खुर्ची आणि जेवताना चालू मोबाइल, यांत मला फरक दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये. मोबाइल बघत बाळ तोंड उघडतं खरं, पण आपण काय खातो, पोट भरलं की नाही, हे त्याला कळत नाही. आम्ही गाल दाबून भरवायचो, आता कार्टून लावून भरवतात. दोन्हींत बाळाला विचारणारं कोणी नाही.

आणि पांगुळगाडा, म्हणजे वॉकर, कृपा करून घेऊ नका आणि बारशाला किंवा अकीक्याला भेटही देऊ नका. त्याने मूल लवकर चालत नाही. चाकांवर वेगाने जिन्याकडे, गरम पातेल्याकडे जातं. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्याकडे आजही खेळण्यांच्या दुकानात दर्शनी भागात तोच टांगलेला असतो. कित्येक घरांत खुर्चीचे पैसे नाहीत, पण भेट आलेले वॉकर दोन-दोन आहेत.

आता पैशांचं. बाजारात अशा खुर्च्या दीड-दोन हजारांपासून दहा-पंधरा हजारांच्या पुढे आहेत. दोन वर्षांच्या आत ही वस्तू घरातून निवृत्त होते, हे लक्षात ठेवून किंमत बघावी. जावयाचा ओव्हरटाइम तेव्हा बंद होता. लेकीने दोन हजारांचा आकडा ठरवला होता आणि तोही तिला जड होता. अशा वेळी मी शिक्षिका म्हणून नाही, आई म्हणून एक हिशेब मांडला. बाळाच्या वाटीत रोज अंडं, डाळ, भाजी, फळ, थोडं तूप असावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी फक्त 11 टक्क्यांच्या आसपास मुलांना पुरेसा आहार मिळतो, असं दिसलं. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ मुलांच्या ताटातच उणीव आहे. तेव्हा खुर्चीच्या हप्त्यासाठी अंडी कमी होणार असतील, तर खुर्ची घेऊ नये. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये बाळाला ताठ बसवून, समोर वाटी ठेवून भरवावं. ते अजिबात कमी दर्जाचं नाही. फक्त त्या वीस मिनिटांत आईने उठायचं नाही, आणि बाकीच्या घराने तिला उठवायचं नाही. दुधाला उकळी आली तर दुसऱ्याने बघावं.

पण घरात दुसरं कोणी नसेल तर? तिथे खुर्ची चोचला राहत नाही. तिथे ती घरातलं नसलेलं माणूस भरून काढते.

समधनचा आक्षेप राहिलाच. मुलगा वर, घर खाली. मी त्यावर खूप विचार केला, कारण त्यात काहीतरी खरं होतं. आमच्याकडे दस्तरखान म्हणजे नुसतं कापड नाही. हदीसमध्ये उमर इब्न अबी सलमा यांची हकीकत येते. लहानपणी ते पैगंबरांच्या (स.) घरात वाढले. जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. तेव्हा अल्लाहचं नाव घ्यावं, उजव्या हाताने खावं, आपल्या पुढ्यातलं खावं, एवढं त्यांना शिकवलं गेलं. ही हकीकत मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, शिस्तीचा धडा म्हणून. या वेळी तिच्यात मला दुसरंच दिसलं. ते मूल मोठ्यांच्याच ताटाला बसलेलं होतं. आधी भरवून, झोपवून, बाजूला ठेवलेलं नव्हतं. म्हणूनच त्याचा हात सगळीकडे फिरत होता.

नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक या कारागिराने 1972 मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची खुर्ची बनवली, ती आज जगभर प्रसिद्ध आहे. का बनवली? त्याचा लहान मुलगा बाळांच्या खुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसला तर टेबलापर्यंत पोचेना. मुलाला घराच्या टेबलाशी आणायचं, एवढाच हेतू. त्यांचं घर टेबलावर जेवतं, म्हणून त्यांच्या बाळाची खुर्ची उंच. आमचं घर जमिनीवर जेवतं. मग आमच्या बाळाची खुर्ची उंच का असावी? ती जमिनीलगत हवी. समधन म्हणत होत्या ते बरोबर होतं, फक्त त्यातून खुर्ची नको असं निघत नव्हतं. बुटकी खुर्ची हवी, असं निघत होतं.

आणि बुटक्या खुर्च्या मिळतात, त्या उंच खुर्च्यांहून स्वस्तही असतात. पट्टे, छोटा ट्रे, आणि पाय जेमतेम वीतभर. काहींचे लांब पाय वेगळे निघतात. बाळ पडलंच, तर उंचावरून पडत नाही. छोट्या घरात ती ओट्याखाली सरकवता येते. आपल्या शहरांतल्या मोठ्या दुकानांत ती मागे कोपऱ्यात असते, कारण दुकानदाराला वाटतं प्रत्येक घरात डायनिंग टेबल आहे. मागून घ्यावी लागते.

आम्ही तीही नवी घेतली नाही. शाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईंचा नातू बदलापूरलाच कात्रपला राहतो, तो आता तीन वर्षांचा. त्यांची खुर्ची माळ्यावर होती. मी किंमत विचारली तर म्हणाल्या, "शंभर रुपये द्या. फुकट दिलेलं लाभत नाही." मी शंभर रुपये दिले आणि मुलासाठी केळीही नेली. पण जुनी वस्तू आणली म्हणून लगेच बाळाला बसवलं नाही. पट्टे सगळ्या जोराने ओढून बघितले. बक्कल दहा वेळा लावलं, काढलं. प्लास्टिकला तडा नाही ना, ते उजेडात धरून बघितलं. एक स्क्रू नव्हता, तो हार्डवेअरच्या दुकानातून आणला. तांदळाची दहा किलोची पिशवी बसवून चारी बाजूंनी ढकललं. मिस्त्रीची आठवण झाली. शेवटी गरम पाण्याने धुतली आणि उन्हात ठेवली.

उल्हासनगरहून बदलापूरला ती मी लोकलनेच नेली. विठ्ठलवाडीकडून भरून आलेल्या बायकांच्या डब्यात खुर्ची घेऊन चढणं सोपं नव्हतं. एकीने ती मांडीवर घेतली. दुसरीने विचारलं, "कितीला पडली?" मी शंभर म्हटल्यावर अर्ध्या डब्याने मान वळवली. अंबरनाथ येईपर्यंत तिघींनी सांगितलं, की आमच्याकडेही एक पडून आहे. बदलापूर येईपर्यंत दोघींनी सांगितलं, की आम्हाला हवी आहे. त्या पाचजणी एकमेकींना ओळखत नव्हत्या. गाडी थांबली आणि सगळ्या आपापल्या वाटेने गेल्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतं आहे. खुर्ची स्वस्त मिळावी म्हणून कंपनीच्या सवलतीची वाट कशाला बघायची? आपल्या तिन्ही गावांत माळ्यांवर, गॅलरीत, पलंगाखाली अशा कितीतरी खुर्च्या आहेत. लग्नाची भांडी, मंडपाच्या सतरंज्या, मय्यतीचं सामान आपण मोहल्ल्यात सामायिक ठेवतो. मशिदीच्या कमिटीकडे, महिला बचत गटाकडे, सोसायटीच्या ऑफिसात बाळांच्या चार खुर्च्या का असू नयेत? एक वही, दोन वर्षांची मुदत, परत करताना धुऊन आणि पट्टे तपासून द्यायची. अंगणवाडीची सेविका घरोघर जातेच, कोणाच्या घरात बाळ सहा महिन्यांचं झालं ते तिला माहीत असतं. यात सरकारी योजना लागत नाही, उद्घाटन लागत नाही. कोणीतरी वही ठेवायला हवी. आमच्या गल्लीत ती मी ठेवायला तयार आहे. आजवर वहीत तीन खुर्च्या आल्या आहेत. त्यातली एक मी नाकारली, तिचा मधला पट्टा कापलेला होता. देणाऱ्या बाईंना राग आला. मी त्यांना ओढणीची गोष्ट सांगितली, मग त्या बसल्या आणि चहा घेऊन गेल्या.

रमज़ानात एका शनिवारी आम्ही इफ्तारला लेकीकडे गेलो. समधनही आल्या होत्या. दस्तरखान पसरलं, नातवाची खुर्ची त्याच्या कडेला ठेवली, पट्टे लावले. लेक भजी तळत होती, तिचे दोन्ही हात मोकळे होते. अज़ान झाली. समधननी खजूर घेतला, बी काढली, कुस्करून दुधात मऊ केला आणि नातवाच्या ट्रेवर ठेवला. त्याने तो डाव्या हाताने कालवला, उजव्या हाताने केसांना लावला आणि मग थोडा खाल्ला. समधन माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सीधा हाथ अभी से सिखाना पड़ेगा."

मी म्हटलं, शिकवू. आधी त्याला खाऊ द्या.

तुमच्या माळ्यावर खुर्ची असेल, तर आज खाली काढा आणि पट्टे बघा.